ज्यांची तोंडं सहज उघडतात

आधी माफी मागतो. लिहायची मला सवय नाही, आणि माझा आजार लिहिण्याएवढा मोठा आहे का, याचीही खात्री नाही. ज्या रुग्णालयात मी दर आठवड्याला जातो, तिथल्या बाकावर माझ्या शेजारी जबड्याला पट्टी बांधलेली माणसं बसतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर मनात म्हणेल, या पोराचं एवढं काय. त्यांनी मला क्षमा करावी. उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या वयाची मुलं आमच्याकडे फार उशिरा येतात, तुम्ही लिहिलंत तर कदाचित लवकर येतील. माझं कोण ऐकणार, हे मला कळलं नाही. पण घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचं कुठलंही काम आलं की ते माझ्याकडे येतं, आणि मला नाही म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आजारपणावर लिहिणारे लोक धीराबद्दल लिहितात. माझ्याकडे धीर फारसा नव्हता. माझ्याकडे हेवा होता. या काळात मी जेवढा हेवा केला तेवढा आयुष्यात कधी केला नव्हता, आणि तो सगळा लोकांच्या तोंडांचा.

*

मी यवतमाळ जिल्ह्यातला. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, काम करतात. आमच्याकडे खर्रा खातात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. बाबांचं म्हणणं असं की कापसाच्या धुळीत खर्ऱ्याशिवाय घसा ओला राहत नाही. बारावीनंतर मी पुण्याला निघालो तेव्हा आईनं माझ्याकडून एकच वचन घेतलं, खर्ऱ्याला हात लावायचा नाही. ते मी पाळलं. एकदाही मोडलं नाही. हे पुढे कळण्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो.

घरी आम्ही राखुंडीनं, बोटानं दात घासायचो. ब्रश मी पुण्याच्या प्रवासासाठी म्हणून विकत घेतला, जसा लोक टॉवेल घेतात. तो कसा फिरवायचा, जीभ साफ करायची असते, मिशी ओठावर उतरली की ती बारीक कात्रीनं कापायची असते, ओठ फुटले की काही लावायचं असतं, यातलं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही म्हणून घरच्यांवर राग नाही. सांगण्यासारख्या गोष्टींत या गोष्टी येतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

निनादला हे सगळं येत होतं. निनाद माझ्या वर्गातला, कसबा पेठेतला. त्याच्या वडिलांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे भांडी ठोकायची जागा. त्याची मिशी बारीक आणि दोन्ही बाजूंनी सारखी. बोलताना त्याचे दात दिसत, पण दाखवल्यासारखे नाही, सहज. त्याचा ळ आणि ण इतका स्पष्ट होता की तो 'बाळ' म्हणाला तरी मला ऐकत राहावंसं वाटे. पहिल्याच वर्षी एका सेमिनारसाठी आम्हाला एका गटात टाकलं. तालीम करताना मी टेबलावर वाकून माझा मुद्दा समजावून सांगत होतो. निनाद खुर्ची जरा मागे घेऊन म्हणाला, "मुद्दा उत्तम आहे, गजानन. फक्त तो खिडकीकडे तोंड करून मांड."

सगळे हसले. मीही हसलो. त्याच संध्याकाळी धायरीत, माझ्या खोलीखालच्या पानटपरीवर, तोंडाला वास येऊ नये म्हणून काही आहे का असं मी विचारलं. टपरीवाल्यानं गोड, सुगंधी सुपारीची पुडी दिली. पुडीवर गुलाबाचं चित्र होतं, 'मुखशुद्धी' असं छापलं होतं, आणि खाली, तंबाखू नाही. मला फार बरं वाटलं. आईला दिलेलं वचनही राहत होतं आणि तोंडही शुद्ध होत होतं.

मग वर्गात शिरण्याआधी एक. बसमध्ये कुणी शेजारी बसायच्या आधी एक. सरांना शंका विचारायच्या आधी एक. पुढे पुढे उठल्याबरोबर एक, दात घासायच्याही आधी. खिसा रिकामा असला की मला हात वर करवत नसे. असं दोन-अडीच वर्षं चाललं, आणि त्या काळात मला कुणी खिडकीकडे बघायला सांगितलं नाही.

*

पहिलं लक्षण ठेच्यानं दाखवलं. दिवाळीला घरी गेलो, आईनं भाकरीबरोबर ठेचा वाढला आणि पहिल्या घासाला माझ्या गालांच्या आत आग लागली. यवतमाळकडच्या माणसाला तिखट झोंबणं म्हणजे काय, हे पुण्यात सांगून कळणार नाही. मी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आई म्हणाली, "पुण्याच्या पान्यानं पोरगं गोड झालं माह्यं." तिला वाटलं मी तिकडच्या लोकांसारखा झालो. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला, थोडा आनंदही झाला.

दुसरं लक्षण धायरीच्या सलूनमध्ये. दाढी करताना न्हाव्यानं ओठाच्या कोपऱ्याजवळ वस्तरा आणला आणि म्हणाला, "गाल फुगवा की जरा." मी फुगवला. तो थांबून राहिला. "फुगवा." मी पुन्हा फुगवला. आरशात पाहिलं तर गाल जागचा हललाच नव्हता. हवा नुसती ओठांतून निघून गेली. त्यानं आपल्या बोटानं माझा गाल ताणायचा प्रयत्न केला आणि हात मागे घेतला. "कडक हाय तुमचा गाल," तो म्हणाला आणि तेवढा भाग तसाच सोडून दिला.

खोलीवर येऊन मी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. येईना. जांभई दिली तर अर्ध्यात अडकली. तरी पुढचे दोन महिने मी कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त एक पुडी जास्त खाऊ लागलो, कारण तोंड नीट उघडत नसल्यामुळे मागच्या दातांपर्यंत ब्रश जात नव्हता, आणि वास येईल याची भीती वाटत होती.

*

दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो तो सोमवार होता. फाटकावर सुरक्षारक्षक प्रत्येकाचे खिसे तपासत होता. एका खोक्यात तंबाखूच्या, गुटख्याच्या पुड्यांचा ढीग साचला होता. माझ्या शर्टाच्या खिशातली पुडी त्यानं काढली, उलटून पाहिली आणि मला परत दिली. "हे चालतंय," म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं. जिना चढताना मनात आलं, आत डॉक्टर अगदी तोंडाजवळ येऊन बघणार, त्यांना वास यायला नको. म्हणून मी ती पुडी फोडून खाल्ली.

मॅडम वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. शिकत असलेल्या डॉक्टर होत्या. त्यांनी खुर्चीवरचा दिवा माझ्या तोंडावर वळवला.

"आ करा."

मी केला.

"अजून."

"एवढंच होतं, मॅडम."

त्यांनी आपली बोटं उभी धरून माझ्या दातांमध्ये घालून पाहिली. दोन गेली. तिसरं बोट दाताला टेकून थांबलं. मग छोट्या आरशानं आत बघत त्यांनी विचारलं, काही व्यसन? मी सांगितलं, काहीही नाही, आमच्या भागात सगळे खर्रा खातात, मी आईला वचन दिलंय. हे मी जरा ताठ होऊन सांगितलं. त्यांनी चिमट्यानं माझ्या दाढेतून काहीतरी काढलं आणि दिव्याखाली धरलं. लालसर, ओला, बारीक तुकडा.

"मग हे काय आहे?"

"मुखशुद्धी," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं की गालाच्या आतली कातडी सुपारीमुळे आवळत जाते. तंबाखू नसली तरी. ती आवळली की पूर्वीसारखी सैल होत नाही, पण सुपारी थांबवली, इंजेक्शनं घेतली आणि व्यायाम केला तर बराच फरक पडतो. आणि उजव्या गालात एक पांढरा चट्टा आहे, त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा.

"कशासाठी तपासायला?" मी विचारलं. मला ते माहीत होतं. त्यांनीही मला ते माहीत असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तुकडा आज नको. नंतर बघू.

*

त्या दिवसापासून मला तोंडंच दिसू लागली.

बसमध्ये एक तान्हं बाळ रडत होतं. त्याचं तोंड इतकं मोठं उघडलं होतं की टाळू दिसत होता, आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो, शेवटी त्याच्या आईनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पाणीपुरीच्या गाड्यापाशी मुली आख्खी पुरी एका घासात आत टाकत. मला पुरी फोडून पाणी वेगळं प्यावं लागे. वर्गात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा लेक्चरला रोज जांभया देई, मोठ्या, आवाज करत. सर त्याला बोलत, आणि मला वाटे, किती श्रीमंत आहे हा.

सगळ्यात वाईट हेवा खर्रा खाणाऱ्यांचा होता. पुण्यात आमच्याकडची बरीच मुलं आहेत, ती गावाहून खर्रा मागवून घेतात. गालात तोबरा धरून ती आभाळाकडे तोंड करून हसत. मी वचन पाळलं आणि मला हे झालं. त्यांनी कुणाला काही वचन दिलं नव्हतं, आणि त्यांची तोंडं उघडत होती. हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा असं वाटे. मॅडमना मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "ज्याचं उघडतं ते चांगलं आहे, असं नसतं." मला ते उत्तर पटलं नाही. डॉक्टर लोक असं बोलतातच, असं वाटलं.

*

उपचार चालू झाले. दर सोमवारी केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत. दोन्ही गालांत आतून इंजेक्शन. सुई टोचते ते एवढं नाही, औषध आत पसरतं तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. नंतर गाल सुजतो आणि दिवसभर आपण काहीतरी चोरून खातोय असा चेहरा दिसतो. सुपारी सुटली तेव्हा पहिला आठवडा मी सगळ्यांवर चिडत होतो. खिशात हात जाई आणि रिकामा बाहेर येई.

व्यायाम आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा. काड्यांची चवड वरच्या आणि खालच्या दातांमध्ये धरायची, तोंड ताणलं जातं तिथे थांबायचं, आणि सवय झाली की मधे आणखी एक सरकवायची. खडकीचे एक रिक्षावाले काका, पवारकाका, माझ्याच वाराला येत. त्यांनाही हेच. बाकावर बसल्याबसल्या ते हळूच विचारत, "किती झाल्या?" त्यांच्या माझ्यापेक्षा नेहमी एक-दोन जास्त असत. मी आठवडाभर राबून एक वाढवावी तर त्यांच्या दोन वाढलेल्या. त्यांचंही मला सहन होत नसे. मग एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, आधी कोमट पाण्याच्या गुळण्या कर, गाल मऊ पडतात, मग काड्या घाल. मी केलं. खरंच सोपं गेलं. ते त्यांनी का सांगितलं, याचाही मी विचार करत बसलो.

मॅडमनी मला दात घासायलाही शिकवलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी, लहान मुलांच्या छोट्या ब्रशनं, कारण मोठा आत जात नव्हता. कडक ब्रश जोरात घासून तोंड स्वच्छ होत नाही, जीभ रोज हलक्या हातानं खरवडायची, रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं. पुडीनं जे झाकलं जात होतं ते या साध्या गोष्टींनी खरंच गेलं. मी अडीच वर्षं ज्यासाठी सुपारी खाल्ली, ते एका छोट्या ब्रशनं आठवड्यात झालं. यावर हसावं की काय करावं मला कळेना. तसंही मला नीट हसता येत नव्हतं.

फक्त तुकडा काढायचं मी टाळत होतो. दर सोमवारी मॅडम विचारत, दर सोमवारी मी पुढच्या वेळी म्हणत असे.

*

घरी सांगितलं ते फोनवर. आईला पटेना.

"सुपारी त आपन देवापाशी ठेवतो रे," ती म्हणाली. "गनपती म्हनून पूजा करतो तिची. तिनं कसं काय होईन?"

मला तरी कुठे वाटलं होतं. मग तिनं हळूच विचारलं की मी खर्रा तर खात नाही ना. मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं ते मला फार लागलं आणि मी फोन ठेवून दिला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "सोमवारी येतो मी." जिनिंगचा हंगाम चालू होता, त्या दिवसांत ते कधी सुट्टी घेत नाहीत.

ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरले आणि आम्ही तसेच रुग्णालयात गेलो. फाटकावर रक्षकानं त्यांच्या खिशातला खर्रा काढून खोक्यात टाकला. बाबांनी त्या खोक्याकडे असं पाहिलं, जसं काही कुणीतरी त्यांची चप्पल उचलून नेली.

आत मॅडमनी त्यांना माझं सगळं समजावून सांगितलं आणि तुकड्याचंही सांगितलं, की मुलगा ऐकत नाही. बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "काहून बे गजू? भेव वाटते?"

मी मान हलवली. त्या खोलीत मी पहिल्यांदा ते कबूल केलं.

बाबांनी डोक्याची टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि खुर्चीत जाऊन बसले. मॅडमना म्हणाले, "माहाबी काढा. मी त याहून जास्त खाल्लं. आधी माहा काढा, पोरगं पाहीन."

मॅडम जरा गोंधळल्या. असं गंमत म्हणून काढत नाहीत, काका, असं म्हणाल्या. पण दिवा वळवला आणि म्हणाल्या, बघते तर खरं. आ करा.

बाबांचं तोंड सहज उघडलं. मोठं, गोल, अगदी मागच्या दाढांपर्यंत. मॅडमची तीन बोटं आत गेली आणि वर जागा उरली. दात तपकिरी, हिरड्या काळपट, आयुष्यभराच्या खर्ऱ्याच्या खुणा सगळीकडे, आणि तरी ते तोंड उघडं होतं. मी हातात त्यांची टोपी धरून उभा होतो. माझ्यासाठी रात्रभर बसून आलेल्या माणसाचा मला त्या क्षणी इतका हेवा वाटला की मी खिडकीकडे बघू लागलो. हे लिहायला मला जड जातंय, पण मॅडमनी खरं लिहा म्हणून सांगितलंय.

मॅडम आरसा घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सीनियर डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी मिळून बाबांच्या डाव्या गालात बघितलं. सीनियर म्हणाले, बरं झालं बसलात, काका. इथला तुकडा खरोखरच घ्यायला हवा.

बाबा तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत होते. त्यांनी हातानं खूण केली, चालू द्या.

त्यांचा काढला. मग माझा काढला. टाका घालताना बाबांनी माझं पाऊल धरून ठेवलं होतं, हात डॉक्टरांच्या मध्ये येत होता म्हणून. बाहेर आल्यावर आम्ही दोघं गालात कापूस धरून बाकावर बसलो. चहावाल्यानं चहा थंड करून बशीत दिला. बाबा एका बाजूनं पीत होते, मी दुसऱ्या.

"दुखलं?" मी विचारलं.

"लय," बाबा म्हणाले. "तू आधी बसला असता त मी पयून गेलो असतो."

*

माझा रिपोर्ट पुढच्या सोमवारी आला. कॅन्सर नाही. मॅडम हसून म्हणाल्या, आता फक्त काड्या. मी वडिलांचा विचारला. त्या म्हणाल्या, त्यांचा अजून आला नाही, वरचे डॉक्टर परत बघताहेत. त्याच्या पुढच्या सोमवारी विचारलं तर तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. एवढं बोलून त्या माझ्या गालाकडे वळल्या, आणि मी ओळखलं की त्या माझ्या डोळ्यांकडे बघायचं टाळताहेत. किंवा मला तसं वाटलं.

बाबा गावी परत गेले होते. खर्रा सोडला, असं आई म्हणाली. गालात लवंग धरतात आणि जिनिंगमध्ये सगळ्यांशी भांडतात, असंही म्हणाली. पहिल्यांदा मला शंका आली, मग तिनं सांगितलं की रस्त्यातला पानठेला टाळायला ते शेताच्या बांधावरून फिरून कामाला जातात, आणि मला पटलं. आईनं सत्यनारायणाला ठेवलेली सुपारी पूजा झाल्यावर पहिल्यांदाच कुणाला वाटली नाही, विहिरीत सोडली. बाबा रोज संध्याकाळी फोन करत. स्वतःचं काही बोलत नसत. विचारायचे, "काड्या किती झाल्या?" मी आकडा सांगायचो. ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे.

आणि मी, ज्याला त्यांच्या तोंडाचा एवढा हेवा वाटला होता, आता रोज मनात तेच तोंड बघत होतो. उघडं, दिव्याखाली. मॅडमचं ते वाक्य तेव्हा मला पटलं नव्हतं, आता झोपू देत नव्हतं.

निनादला मी तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्याला ते आपोआप कळलं. कॅन्टीनमध्ये मी इडली चमच्यानं चिरून खात होतो, तेव्हा तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "तू काय तिचं ऑपरेशन करतोयस?" मग माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालंय. मी सगळं सांगितलं. खिडकीचं वाक्य सोडून. ते त्याच्या लक्षात नव्हतं, आणि ते मी मुद्दाम आठवून द्यावं असं मला वाटलं नाही. बाबा खुर्चीत आधी बसले ते ऐकून तो म्हणाला, "माझे वडील आले नसते. त्यांनी विचारलं असतं, रिक्षाचे किती झाले." आणि माझी उरलेली इडली ओढून खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीच्या कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिली. जीभ खरवडायची तांब्याची पट्टी, दुकानातली. "रोज वापर," म्हणाला, "आणि चिंचेनं घासून ठेव, नाहीतर काळी पडते." त्याची मिशी तेव्हाही दोन्ही बाजूंनी सारखी होती. मला तेव्हाही हेवा वाटला. पण पट्टी मी रोज वापरतो.

*

गेल्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर मी निनादबरोबर त्याच्या दुकानात गेलो होतो. मागे त्याचे वडील एका घंगाळावर ठोके घालत होते. तिथे बोललेलं एकमेकांना ऐकू येत नाही, म्हणून मला ती जागा आवडते. माझी व्यायामाची वेळ झाली होती. मी गुळण्या केल्या, काड्या तोंडात धरल्या आणि पायरीवर बसलो. आता मी तिथे लाजत नाही.

मांडीवरचा फोन थरथरला. मॅडमचं नाव दिसलं. चवड नुकतीच नीट बसली होती आणि मी ती दोन्ही हातांनी धरून होतो. निनादनंच फोन उचलला आणि माझ्या कानाला घट्ट लावून धरला, दुसरा कान आपल्या तळव्यानं झाकला.

"गजानन? वडिलांचा रिपोर्ट आलाय," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही ठिकाणी एकच निघालंय. कॅन्सर नाही. पेशींमध्ये बदल सुरू झाले आहेत, म्हणून चट्टा काढावा लागेल, आणि खर्रा म्हणजे आयुष्यात परत नाही. नियमित दाखवायला यायचं. पण कॅन्सर नाही. ऐकताय ना?"

मी घशातून हं केलं.

खोटं लिहीत नाही. आनंदाच्या आधी, एका श्वासापुरता, मला पुन्हा हेवाच वाटला. आयुष्यभर खर्रा खाऊन हा माणूस सुटला, आणि तोंडही उघडं. मग तो श्वास संपला, आणि गालांवरून ओलं काहीतरी हनुवटीपर्यंत आलं. तोंड काड्यांनी उघडं ठेवून रडताना लाळही येते, हे मला तेव्हा कळलं.

निनाद माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं, हातानं. मी काड्या काढल्या.

"बाबांना कॅन्सर नाही," मी म्हणालो.

ठोक्यांत त्याला ऐकू आलं नाही. तो कान माझ्या अगदी तोंडाजवळ घेऊन आला, आणि मी ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, जेवढं उघडतं तेवढं तोंड उघडून.